न फुटलेली बांगडी

मित्रांनो, मी एक जुनी हाडाची बांगडी आहे. बंजाऱ्यांच्या तांड्यावर आम्हाला बलिया म्हणतात. उमरखेडच्या बाजारात एका कारागिराने जनावराचे हाड कापून, कानशीने घासून मला घडवले. सुखीबाईच्या लग्नात मी माझ्यासारख्याच बहिणींसोबत तिच्या दंडावर चढले. कापूस वेचताना आम्ही एकमेकींवर आपटत असू, पण कधी तडा गेला नाही. सुखीचा हात दुरून चमकतो, असे बाया कौतुकाने म्हणत.

१९५८ च्या वेचणीत, भरदुपारी, गोविंदा नावाच्या मुकादमाने तिला तुरीच्या आड ओढले. तिचे तोंड मातीत दाबले. तिने सगळी ताकद लावून हात फिरवला आणि मी त्याच्या भुवईवर बसले. कातडी फाटली. त्याचे गरम रक्त माझ्यावरून ओघळले. तरी तो थांबला नाही. त्याने तिचा हात खांद्यातून निखळवला. पुढचे मी सांगणार नाही.

आपले म्हणणे खरे मानले जावे, एवढेच सुखीबाईला हवे होते. नवरा लखीराम तिला कोर्टात घेऊन गेला. गोविंदाच्या वकिलाने माझ्याकडे बोट दाखवले.

"झटापट झाली म्हणता, आणि बांगडी एकही फुटली नाही?"

"काचीची नाही साहेब, हाडाची होय. त्याची भुवई पाहा ना."

आपण बैलबंडीवरून पडलो, असे गोविंदाने सांगितले. मागे कोणीतरी हसले. तो सुटला.

काही वर्षांनी त्याने शेजारच्या तांड्यातल्या जमनीला गाठले. तिचा गळा आवळला. ती वाचली नाही. या वेळी त्याला जन्मठेप झाली.

मग नागपूरहून इंदुताई आल्या. असे गुन्हे करणारे बाई कशी हेरतात, याचा त्या अभ्यास करत होत्या. तुरुंगात त्या गोविंदाशी बोलल्या होत्या. त्याने जमनीच काहून निवडली, असे सुखीबाईने विचारले. इंदुताईंनी वही उघडली. मग त्यांनी त्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले.

"तांड्यातली बाई होती. त्यायच्या बांगड्या फुटत नाहीत ना ताई. कोर्टात कोण मानते?"

सुखीबाईने दंड घट्ट धरला. "म्हंजे मले तवा मानलं असतं, तं जमनी जगली असती?"

"हो," इंदुताई म्हणाल्या.

मित्रांनो, आपण फुटलो असतो तर बरे झाले असते, असे मला पूर्वी वाटे. आता वाटत नाही. कोणी बाई असे काही सांगू लागली, तर तिच्या अंगावर काय फुटले ते शोधत बसू नका. तिचे शेवटपर्यंत ऐका. पुढची जमनी त्या ऐकण्यावरच जगते.