हातात न आलेली थरथर

ओळखलंत का मला? नाही ना! मित्रांनो, मी ड्रिल. लोखंडाला भोकं पाडणारा, अंगठ्याएवढा जाड, अंगावर दोन पिळदार खाचा असलेला. आता माझा अर्धाच भाग उरलाय, तोही गंजलेला. पण बोलायची हौस काही गेली नाही बरं का!

भट्टीत तापून, तेलात बुडून, घासून-पुसून मी चकचकीत झालो आणि नागपुरात आलो. इतवारीच्या मागच्या गल्लीत मनोहररावांचं वर्कशॉप होतं. तिथे मी आनंदराव नावाच्या जुन्या कारागिराच्या हाती पडलो. काय सांगू, माझं नशीबच उघडलं!

पारशिवनीच्या बाजूने, मँगनीजच्या खाणींवरून आमच्याकडे दगड फोडणाऱ्या मशीनच्या प्लेटा यायच्या. फार कडक पोलाद! एवढी जड प्लेट मोठ्या मशीनच्या टेबलावर चढत नसे, म्हणून मला हातात धरायच्या विजेच्या मशीनमध्ये बसवत. आनंदराव दोन्ही मुठी धरत आणि त्यांचा जोडीदार गिरिधर मागून लाकडी दांड्याने मशीन दाबे.

या पोलादाचा स्वभाव मोठा वाईट. मला धार असेल तर ते कापलं जातं. धार गेली की मी नुसता घासत राहतो, आणि घासलं की ते आणखीनच कडक होतं. मग मी थरथरू लागतो. ती थरथर मुठीत येते. आनंदरावांना ती सगळ्यांच्या आधी कळायची. ते तिथेच थांबत, मला ग्राइंडरवर धार लावत आणि अंगठा फिरवून बघत. सगळे म्हणत, एक वेळ कान खोटं बोलेल, आनंदरावचा हात बोलणार नाही. ते ऐकून मीच फुगायचो!

पण मित्रांनो, थरथर एकट्या ड्रिलला झिजवत नाही. ती मुठीतून माणसाच्या हातात जाते आणि तिथेही आपलं काम करते. थंडीत आनंदरावांची बोटं पांढरी पडू लागली. मग ती बधिर झाली. धार बघायला ते आता अंगठा फिरवत नसत, मला डोळ्यांजवळ नेत.

त्यांनी हे कोणालाच सांगितलं नाही. आमच्याच वर्कशॉपमधल्या बाबारावांची बोटं अशीच सुन्न झाली, तेव्हा मनोहररावांनी त्यांना कायमचं घरी बसवलं होतं. आनंदरावांच्या घरी त्यांची बायको सिंधूताई होत्या, शिकणारी दोन मुलं होती.

एकदा उकळता चहा आला. सगळ्यांनी ग्लास फडक्यात धरले, आनंदरावांनी उघड्या मुठीत.

"तुह्या हाताले चामडं हाय का पत्रा गा?" गिरिधरने विचारलं.

"तुह्यासारखे नाजूक नाहीत ना! तुले तं बायको पोळीबी फुंकून देते म्हणे."

सगळे हसले. मला मात्र हसू आलं नाही.

मग खांडेनवमीचा आदला दिवस आला. पूजेला मांडलेलं हत्यार आमच्याकडे दसरा होईपर्यंत कोणी उचलत नाही. म्हणून प्लेट आजच गेली पाहिजे, असं मनोहरराव दारातून पुन्हा पुन्हा बजावत होते. शेवटचं भोक चाललं होतं. माझी धार गेली. मी थरथरलो. काही उपयोग नाही. आणखी जोरात थरथरलो, किंचाळलोसुद्धा!

"आवाज बदलला गा," गिरिधर म्हणाला. "धार लावून घे."

"हातात तं काहीच नाही येऊन राहिलं. दाब तू."

गिरिधरने दाबलं. का नाही दाबणार? आनंदरावांचा हात सांगत होता ना!

मी मधोमध मोडलो. मशीन गर्रकन फिरली आणि माझं तुटकं टोक आनंदरावांच्या डाव्या हातात घुसून निघालं. गिरिधरने धावत जाऊन बटण बंद केलं. सगळं शांत झालं. आनंदराव खाली फरशीकडे बघत होते.

"रक्त कोणाचं हाय गा हे?" त्यांनी विचारलं. "तुले लागलं का?"

गिरिधरने फडकं काढून त्यांच्याच हाताला गुंडाळलं. दारात उभ्या मनोहररावांनी ते ऐकलं होतं.

दोन बोटं कापावी लागली. दुसऱ्या दिवशी मशीनला हळदकुंकू लागलं, झेंडूचा हार चढला. मोडकं हत्यार पूजेला चालत नाही, म्हणून मी फाटकाजवळच्या भंगाराच्या डब्यात. दसऱ्याला आनंदराव हात झोळीत बांधून घरच्यांबरोबर दीक्षाभूमीवर जाऊन आले आणि दुसऱ्या दिवशी कामावर आले. मनोहररावांनी त्यांना फार गोड शब्दांत घरी जाऊन आराम करायला सांगितलं. परत कधी यायचं, ते मात्र सांगितलं नाही.

गिरिधर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेला.

"मले काहून नाही सांगितलं गा?"

"सांगितलं असतं तं तेव्हाच घरी बसलो असतो."

मित्रांनो, बोथट ड्रिलला धार लावता येते, मोडला तर नवा आणता येतो. बोटांना ग्राइंडर नाही. म्हणून एवढंच करा. आज घरी गेलात की आई-बाबांचे हात हातात घ्या, बोटाला हळूच चिमटा काढा आणि विचारा, कळलं का? ते हसून हो म्हणतील. तेव्हा त्यांना डोळे मिटायला सांगा, आणि पुन्हा चिमटा काढा.