काटकोनरावांची गोल वायर

आमचे हे चाळीस वर्षं वायरमन होते. शहरातल्या कितीतरी भिंतींवर यांच्या हातच्या वायरी आहेत आणि त्यातली एकही कुठे लोंबत नाही. भिंतीला चिकटून सरळ जायचं, कोपरा आला की काटकोनात वळायचं, वीतभर अंतरावर एक क्लिप. बरोबरचे लोक यांना काटकोनराव म्हणायचे आणि यांना त्यात मान वाटायचा. घरात टॉवेलसुद्धा कडेला कड जुळवून वाळत घालावा लागतो. आता बोला.

त्या दिवशी चार वाजता माझी तोंडी परीक्षा होती. मी वाचनालयात अकरा वर्षं मदतनीस. पुस्तकं मी लावायची, शोधून मी द्यायची आणि ग्रंथपालाच्या खुर्चीत दरवेळी कोणीतरी प्रमाणपत्रवाला येऊन बसायचा. म्हणून चोपन्नाव्या वर्षी म्हटलं, आता मीच ते प्रमाणपत्र घेते. लेखी पास झाले. तोंडी परीक्षा स्क्रीनवरून व्हायची. पहिल्या वेळी तिसऱ्या प्रश्नाला मोबाइलची रेंज गेली ती गेलीच, आणि माझ्या नावापुढे ‘गैरहजर’ लागलं. मरमर अभ्यास करून बसलेली मी, आणि म्हणे गैरहजर. ही दुसरी संधी शेवटची होती. घरात ब्रॉडबँड घेतलं ते त्यासाठीच.

सकाळी दहाला जोडणीवाली मुलगी आली. खिडकीतून बारीक पांढरी वायर आत घेतली, कपाटाला मोठा वळसा घालून टेबलापर्यंत आणली आणि राउटरला जोडली. उरलेल्या वायरीचं ताटाएवढं वेटोळं करून खिळ्याला अडकवलं. हिरवा दिवा लागला. मी बहिणीला व्हिडिओ कॉल लावून पाहिला, तर तिच्या मागच्या कॅलेंडरावरच्या तारखा वाचता येत होत्या.

“काकू, आता बिनधास्त परीक्षा द्या,” असं म्हणून ती गेली. मीही वाचनालयात गेले. घरात हे आणि ती लोंबती वायर, दोघंच राहिले. चुकलं ते तिथेच.

तीनला परत आले तर हे खुर्चीत बसून समाधानाने भिंतीकडे पाहत होते. वायर खिडकीपासून खाली, तिथून कपाटाच्या कडेने, तिथून टेबलापर्यंत. काटकोन, काटकोन, काटकोन, आणि वीतभर अंतरावर ठोकलेली क्लिप. वेटोळ्याची बोटभर घडी करून तिला चिकटपट्टी लावलेली. काम देखणं होतं, खोटं कशाला बोलू? फक्त राउटरवर लाल दिवा होता.

“हे काय करून ठेवलंत?”

“ती पोरगी तशीच टाकून गेली होती. कोणी पाहिलं तर म्हणेल, हे वायरमनचं घर आहे?”

“अहो, दिवा लाल झालाय.”

“राउटर बिघडला असेल. वायर मी बसवली आहे.”

माझं डोकंच फिरलं. पुढची पाच मिनिटं मी काय काय बोलले ते सांगत नाही, शेजारणीला विचारा, तिला सगळं ऐकू गेलं. मग मी त्या जोडणीवाल्या मुलीला फोन केला. ती दोन गल्ल्यांपलीकडे काम करत होती, साडेतीनला आली. भिंत पाहिली आणि खांद्यावरची पिशवी खाली ठेवायचंच विसरली.

“काका, ही विजेची वायर नाही. हिच्या आत केसाएवढी काच आहे, तिच्यातून उजेड जातो. अशी मुडपून वर हातोडी मारली की काच तुटते.”

“तांब्याला चालतं,” हे म्हणाले.

“तांब्याला चालतं,” तीही हळूच म्हणाली.

यांचा चेहरा उतरला. चाळीस वर्षांत यांच्या हातची वायर कधी बंद पडली नव्हती. मला वाईट वाटलं, पण पावणेचार झाले होते, तेव्हा ते नंतरसाठी ठेवलं.

तिने तुटलेला भाग कापून टाकला आणि उरलेल्या टोकाला नवा कनेक्टर बसवला. वायर आता जेमतेम टेबलापर्यंत पोचत होती आणि कपाटाच्या कोपऱ्यावर मुडपत होती. कोपऱ्याला टेकली की दिवा लाल, उचलून धरली की हिरवा. चाराला दोन मिनिटं कमी. मी रडायच्या बेताला आले होते.

हे उठले. कपाटापाशी जाऊन दोन्ही हातांनी वायर उचलली.

“किती गोल?”

“ताटाएवढी, काका. हलू नका.”

ती मुलगी बाहेर जाऊन दार ओढते तोच परीक्षक स्क्रीनवर आले, एक बाई आणि एक गृहस्थ.

“तुमच्या मागे कोण आहे?” गृहस्थांनी विचारलं. “खोलीत दुसरं कोणी चालत नाही.”

“माझे यजमान. वायर धरून उभे आहेत. त्यांनी सोडली तर मी परत गैरहजर.”

बाईंनी तोंडावर हात धरला. गृहस्थ म्हणाले, “असू दे. पण त्यांनी ब्र काढायचा नाही.”

लग्नाला एकतीस वर्षं झाली. मी बोलत असताना हे पंचवीस मिनिटं गप्प राहिले, असं त्याआधी एकदाही घडलं नव्हतं.

पाचव्या प्रश्नाला मी अडले. पुस्तकं लेखकाच्या नावाने न लावता विषयवार का लावायची? रोज भाजी चिरताना मोठ्याने घोकलेलं उत्तर, आणि ऐन वेळी डोकं रिकामं. स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत हे दिसत होते. ऐकून ऐकून यांना ते पाठ होतं. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा लालबुंद, नाकावर माशी, आणि हात वर तसेच. मला हसू फुटलं आणि त्या हसण्याबरोबर सगळं उत्तर आठवलं.

मी पास झाले. आता ग्रंथपालाच्या खुर्चीत मी बसते.

त्या जोडणीवाल्या मुलीने दुसऱ्या दिवशी लांब वायर आणून दिली. भिंतीवर यांनी स्वतः बसवली, प्रत्येक कोपऱ्याला ताट लावून, गोल. तरी ती मध्येच फुगली आहे आणि एका जागी चक्क लोंबते. परवा यांचे एक जुने जोडीदार आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “काटकोनराव, तुमच्या घरात हे असलं गबाळं काम कोणी केलं?”

कंपनीच्या माणसांनी, असं सांगायला मी तोंड उघडलं होतं.

“मी,” हे म्हणाले. “हात लावू नकोस, सरळ करशील.”