डोनर मिळाला

दातांच्या कवळ्या करणाऱ्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार? कवळीकर. खरं आडनाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण ते वाचायचे कष्ट कोणी घेत नसे. तोही कवळीकर म्हटलं की ओ द्यायचा. आणि बायको आजारी पडल्यापासून तर त्याला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं, तिथे आडनावाचं काय घेऊन बसलात.

बायकोच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले होते. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सकाळी तिला न्यायचं, मशीनला जोडलं की बाहेरच्या बाकावर बसायचं, दुपारी परत आणायचं. घरी तिच्या पाण्याची बाटली वेगळी, मापाची. तेवढ्यात दिवस काढायचा, घसा सुकला तर बर्फाचा खडा चोखायचा. सुरुवातीला हा रडला, चिडला, डॉक्टरांशी भांडलासुद्धा. मग कधीतरी ते सगळं थांबलं. दात काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, हिरडी जागेवर असते पण आपली वाटत नाही, तसं त्याचं आतून झालं.

कोणाची किडनी मिळाली तर ती सुटणार होती. याची देता आली असती, रक्तगट जुळत होता, पण रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. सासूबाईंचं वय झालेलं. बायको एकुलती एक. राहिला याचा थोरला भाऊ. दादा धडधाकट, रक्ताचा गटही तोच. पण विचारायचं कसं? किडनी म्हणजे काय शिडी आहे, दोन दिवस वापरून परत न्यायला? दादा आपणहून काही बोलला नाही, यानं विषय काढला नाही. फोन झाला की दोघे भाऊ हवापाण्यावर बोलायचे आणि ठेवून द्यायचे. शेवटी हॉस्पिटलच्या यादीत बायकोचं नाव घातलं आणि सगळे वाट बघत बसले.

आता कोणी म्हणेल, असल्या घरात माणसाला छंद सुचतातच कसे. पण सुचतात. उलट असल्याच घरात जास्त सुचतात.

कवळीकराला वेड होतं एका जुन्या टीव्ही मालिकेचं. अंतराळात फिरणारं यान, त्यावरचा कप्तान, कप्तानाच्या कमरेला किरणांची बंदूक. लहानपणी ती बंदूक खरी वाटायची. मोठेपणी कळलं की मालिकावाल्यांनी ती भंगारातून जुळवली होती. मूठ जुन्या सिनेकॅमेऱ्याची, नळी केस वाळवायच्या यंत्राची, वरचं भिंग कुठल्याशा खिशातल्या कॅल्क्युलेटरचं. जगात असे पुष्कळ खुळे आहेत जे मालिकेतलं एकेक चित्र थांबवून, मोठं करून बघतात, कुठला तुकडा कुठल्या वस्तूचा ते ओळखतात, मग तीच जुनी वस्तू शोधून हुबेहूब बंदूक बनवतात. प्लॅस्टिकची नक्कल चालत नाही. असेल तर अस्सल, नाहीतर नको.

या खुळ्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये कवळीकरही होता. तिथे ज्या वस्तूतून तुकडा काढून घ्यायचा, तिला म्हणत डोनर. ‘मुठीचा डोनर मिळाला’, ‘डोनर गंजलेला निघाला’, असं सर्रास चालायचं. कवळीकराच्या घरात तोच शब्द दुसऱ्या अर्थानं रोज तोंडात असे. पण माणसाला दोन्हीकडची सवय होते. ग्रुपवर तो एक अर्थ वापरी, घरी दुसरा, आणि आजवर कधी घोटाळा झाला नव्हता.

बंदुकीची एक गोष्ट मात्र कोणाला ओळखता आली नव्हती. नळीच्या मुळाशी एक चकचकीत कडी होती, कडेला खाचा पाडलेली, एका बाजूला छोटा खटका. ग्रुपमधले मास्तर, म्हणजे शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ, छातीठोकपणे सांगायचे की ती शिवणयंत्राची. कोणी म्हणे फोटो मोठे करायच्या यंत्राची. कवळीकरानं डायलिसिसच्या बाकावर बसून त्या कडीकडे इतकं बघितलं होतं की तिच्यावरचा ओरखडासुद्धा पाठ झाला होता. भंगारवाल्यांना फोन केले, परगावच्या अनोळखी लोकांना फोटो पाठवले, एका शिंप्याला तर मशीन उघडून दाखवायला लावलं. शिंप्यानं त्याला वेड्यात काढलं. यानं आभार मानले आणि पुढच्या शिंप्याकडे गेला.

अशात एका दुपारी तो एका दातांच्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे कवळी पोचवायला गेला. डॉक्टर दवाखाना बंद करणार होते. खुर्ची विकली गेली होती, कपाटं रिकामी. आणि मागच्या खोलीत, खोक्यांच्या आड, एक जुनं दात कोरायचं मशीन उभं होतं. पायानं चालवायचं, लांब हात, त्यावरून दोरी फिरते तसलं. त्या हाताच्या कोपरापाशी कडी होती. कडेला खाचा, बाजूला खटका.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. जन्म दातांच्या धंद्यात गेला आणि गडी शिंप्यांची दारं वाजवत होता.

त्यानं मोबाइलवर चित्र काढून शेजारी धरलं. खाचा जुळल्या, खटका जुळला. आणि कवळीकराच्या छातीत काहीतरी हाललं. आनंद झाला त्याला, खराखुरा. कधीपासून झाला नव्हता. तो तसाच बाहेर गेला आणि डॉक्टरांना म्हणाला, “मागचं मशीन मला देता का?”

“ते अडगळीतलं? घेऊन जा की,” डॉक्टर म्हणाले. “पण सगळं न्या, अर्धं ठेवू नका.”

त्यानं मास्तरांना कळवायला मोबाइल काढला. बायकोचा निरोप वरच येऊन पडला होता, येताना तिच्या गोळ्या आणा म्हणून. तो वाचला, आणि त्याच घाईत तिथेच माइकचं बटण बोटानं दाबून धरून बोलला: “डोनर मिळाला! अगदी तंतोतंत मॅच. मला अजून खरं वाटत नाहीये. डॉक्टर हो म्हणाले, आता उशीर नको, लगेच काढून घेऊ.” बोट उचललं, निरोप गेला. मोबाइल पिशवीत टाकून तो पान्हा मागायला वळला.

मशीन गंजून घट्ट बसलं होतं. ते सुटं करता करता दुपार गेली. निघताना बघतो तर सासूबाईंचे फोन येऊन गेलेले, एकामागून एक. दुसऱ्या कोणी तिथूनच उलटा फोन केला असता. हा मनात म्हणाला, काय असेल ते घरी कळेलच. मास्तरांचं उत्तर आलं नव्हतं, याचं मात्र त्याला जरा वाईट वाटलं.

घरी बायको स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. केस विंचरलेले. पुढे तांब्या, रिकामा. आतल्या खोलीत सासूबाई फोनवर कोणाला तरी मोठमोठ्यानं सांगत होत्या.

“अहो, कोण आहे?” बायकोनं विचारलं.

“कोण म्हणजे?”

“डोनर. घरातलं कोणी आहे, की परकं?”

त्यानं मोबाइल काढला. आपण कोणाला काय पाठवलं ते बघितलं. एकदा बघून भागलं असतं, तरी पुन्हा बघितलं. मग पिशवीतून कडी काढून टेबलावर ठेवली.

“मशीन आहे,” तो शेवटी म्हणाला. “दात कोरायचं. जुनं. मास्तरांना सांगायचं होतं.”

तिला समजायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं या माणसाबरोबर काढली होती, तिच्याइतकं त्या बंदुकीबद्दल मास्तरांनाही माहीत नसेल. तिनं कडी उचलली नाही, नुसती बघितली.

“मी तांब्याभर पाणी प्यायले,” ती म्हणाली. “उभ्यानं, तोंडाला लावून. म्हटलं, आता काय होतंय.”

“डॉक्टरांना फोन करू का?”

“करा नंतर. आधी बसा.”

तो बसला.

“शब्दांचं काही नव्हतं हो,” ती म्हणाली. “शब्द ऐकून मला आधी वाटलंच होतं, हे त्या भंगाराचं असेल. पण तुमचा आवाज. असा आवाज मी कधीपासून ऐकला नाही. म्हटलं, एवढा आनंद या माणसाला दुसऱ्या कशाचा होणार?”

त्याला लाज वाटायला हवी होती. ती कुठेतरी होती, पण अजून पोचली नव्हती.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. डोळे पुसत, हसत. “जावईबापू, तोंड गोड करायला घरात साखरेशिवाय काही नाही,” असं म्हणत वाटी पुढे केली. यानं ती हातात घेतली, आणि सांगितलं. चूक झाली आई, ते किडनीचं नव्हतं. सासूबाई ज्या खुर्चीजवळ उभ्या होत्या तिच्यावर बसल्या.

“म्हणजे आता सगळ्यांना परत फोन करायला हवेत,” एवढंच म्हणाल्या, आणि मोबाइल घेऊन आत गेल्या.

बायको टेबलावर सांडलेलं पाणी पदरानं पुसत होती. “त्या दातांच्या डॉक्टरांना कसं विचारलंत?”

“कसं म्हणजे? मशीन देता का म्हणालो.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“आणि नाही म्हणाले असते तर?”

“दुसरीकडे विचारलं असतं.”

हे त्यानं विचार न करता सांगितलं. त्यांच्या खुळ्या ग्रुपात तीच रीत होती, मागायला लाजायचं नाही, नकाराचं वाईट वाटून घ्यायचं नाही. बोलून गेल्यावर त्याला आपलंच वाक्य ऐकू आलं. बायको पुसायची थांबली होती.

“मला दादांनी नाही म्हटलेलं चालेल,” ती म्हणाली. “खरंच चालेल. माणसानं आपल्या पोटातलं काढून द्यावं असा कुठे कायदा आहे? पण तुम्ही शिंप्यांना विचारलंत, भंगारवाल्यांना विचारलंत. माझ्यासाठी तुम्ही एका माणसाला विचारलं नाहीत. मी रोज वाट बघते हो. यादीची नाही. तुमची.”

ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तशी बोलली. यानं मोबाइल उचलला आणि दादाचा नंबर लावला. बाहेर जावं असं मनात आलं, पण उठला नाही. तिच्यासमोरच बसून राहिला.

“बोल रे,” दादा म्हणाला. मागे टीव्ही चालू होता. “कशी आहे ती? तुमच्याकडे हवा कशी आहे?”

“दादा, तुझी एक किडनी तिला देतोस का?”

टीव्ही बंद झाला. बायकोनं टेबलाची कड धरली होती.

“इतके दिवस काय करत होतास?” दादा म्हणाला. आवाजात राग होता. “मी म्हणतोय आज विचारेल, उद्या विचारेल. मग वाटलं, याला माझं काही नकोच आहे. जबरदस्ती कशी करणार? काय करत होतास तू?”

त्यानं टेबलावरच्या कडीकडे बघितलं.

“एक कडी शोधत होतो,” तो म्हणाला.

“कसली कडी?”

“आहे एक. मिळाली.”

दादानं एक कचकचीत शिवी दिली. लहानपणी द्यायचा तीच. मग थोडं थांबून, हळू आवाजात त्यानं काहीतरी विचारलं. आणि इथे कवळीकराला रडू फुटलं. नाक वाहायला लागलं, तोंड वेडंवाकडं झालं. मोबाइल त्यानं टेबलावर पालथा ठेवला. दादा त्यातून हॅलो हॅलो करत राहिला.

बायको घाबरली. इतक्या दिवसांत तिनं त्याला असं पाहिलं नव्हतं. तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

“काय म्हणाले?” तिनं विचारलं. “नाही म्हणाले का? असू दे. अहो, बोला ना. काय म्हणाले दादा?”

“विचारतोय,” तो कसाबसा म्हणाला, “तपासणीला उपाशीपोटी यायचं का.”