कुशल का?

“पुन्हा एकदा. तुम्ही कोण?”

“हेल्पर.”

“काय करता?”

“केबल ओढतो, पत्रे उचलतो, झाडू मारतो.”

“आणि वेल्डिंग?”

‘येत नाही’ म्हणायला मामांची जीभ वळेना. “ते दुसरे करतात,” एवढंच ते म्हणाले.

“चालेल,” मॅनेजर म्हणाला. “तपासणीच्या बाई आल्या की असंच सांगायचं. तुमच्याच जावयासाठी चाललंय सगळं, विसरू नका.”

मॅनेजर म्हणजे मालकाचा सख्खा भाचा. वेल्डिंग करणाऱ्या म्हाताऱ्याला मात्र सगळा कारखाना मामा म्हणे. त्यांना मामा बनवणं किती सोपं आहे, हेही सगळ्यांना ठाऊक होतं.

जावई परदेशातला. मुदतीचा परवाना घेऊन याच शेडमध्ये शिकायला आला, मामांच्या हाताखाली वेल्डर झाला आणि डबा घेऊन येणाऱ्या त्यांच्या लेकीच्या प्रेमात पडला. लग्न झालं, परवाना संपला, लेक त्याच्याबरोबर गेली. नात तिकडेच जन्मली. ठमी चालायला लागली, बोलायला लागली, तिचे दात पडले, सगळं फोनवर. मामीचा एकच धोशा, “मी डोळे मिटायच्या आत एकदा तिला मांडीवर घेऊ दे.”

बाहेरचा कारागीर बोलवायचा तर आधी मालकाला सरकारची परवानगी काढावी लागते. कारखाना खरा आहे, काम खरं आहे, हजेरी नीट ठेवली जाते आणि हवा तसा कारागीर इथे मिळत नाही, हे सगळं दाखवावं लागतं. अर्ज करण्याआधी मॅनेजरने एका जाणत्याला विचारलं. तो म्हणाला, “तुमच्याकडे शिकवणारा वेल्डर बसलाय. इथलीच पोरं तयार करा म्हणतील.” म्हणजे अडचण मामांचीच होती. मालकाने ती एका दुपारीत सोडवली. जुन्या हजेरीपटापासून सगळीकडे मामांना हेल्पर लिहून टाकलं आणि पहिली जागा जावयाला द्यायचा शब्द दिला. मामांनी हात जोडले. आभार मानले, बिचाऱ्यांनी!

तपासणीच्या बाई मऊ बोलणाऱ्या निघाल्या. हातात कामगारांची यादी. प्रत्येकापाशी थांबून नावापुढे खूण करत होत्या. मामांपाशी आल्या, पांढरे केस पाहून हसल्या आणि म्हणाल्या, “काका, कुशल का?”

आता, कारखान्यात हा शब्द कुणी वापरत नाही. तिथे माणूस एकतर कारागीर असतो, नाहीतर हेल्पर. मामांना तो शब्द माहीत होता फक्त ख्यालीखुशालीचा. सरकारी बाई आपली विचारपूस करतेय म्हणून ते भारावून गेले.

“हो हो, कुशल! तुमच्या कृपेने अगदी कुशल. तुमच्याकडे कसं काय?”

बाईंचं पेन थांबलं. “इथे तर हेल्पर लिहिलंय.”

“अहो, ते आपली खुशाली सांगतायत,” मॅनेजर हसत सुटला. मालकही हसला. हेल्पर लोक तर पोट धरून हसले. बाई हसल्या नाहीत.

“मग वेल्डिंगचा एक टाका मारून दाखवू दे त्यांना. म्हणजे शंका नको.”

मॅनेजरने मामांकडे पाहिलं. मामांनी होल्डर उचलला. काच तोंडावर घेतली, हे एक बरं झालं, चेहरा झाकला गेला. पत्रा पातळ होता. त्यांनी करंट नको तेवढा वाढवला आणि रॉड एका जागी दाबून धरला. पत्र्याला भोक पडलं. दुसरं पडलं. मग रॉड चिकटला, तो सोडवताना त्यांनी मुद्दाम धडपड केली. उभ्या आयुष्यात त्यांनी इतकं घाण काम केलं नव्हतं. मागे कुणीतरी खिदळलं. काचेआड मामांना रडू आलं.

“राहू दे, काका,” बाई कळवळून म्हणाल्या. मालकाला म्हणाल्या, “यांना वेल्डिंगपासून लांब ठेवा. भाजून घेतील.” आणि तसा शेराच लिहिला.

परवानगी आली. मालकाने सगळ्यांना चहा पाजला. मामा जावयाचे कागद घेऊन ऑफिसात गेले.

“जरा घोळ झालाय, मामा,” मॅनेजर म्हणाला. “अनुभवाचा दाखला लागतो. जावयाला काम कुणी शिकवलं?”

“मी.”

“म्हणजे हेल्परने.”

“तेव्हा मी हेल्पर नव्हतो, साहेब.”

“कागदावर होतात ना! हेल्परने वेल्डर तयार केला असं मी कुठल्या तोंडाने लिहू?”

मामांनी कागद टेबलावर ठेवले. मग म्हणाले, “त्या बाईंना परत बोलवा. मी नीट करून दाखवतो.”

“दाखवाल हो. मग आपण खोटं बोललो हे उघड होईल आणि परवानगी जाईल. मग तुमच्या जावयाला आणणार कोण?” मॅनेजरने कागद त्यांच्याकडे सरकवले. “दोन माणसं ठरलीत दुसरी. सोमवारी येतील. त्यांना शेड दाखवा. आणि होल्डरला हात लावायचा नाही, शेरा आहे तुमच्यावर.”

त्या रविवारी लेकीचा फोन आला. तिला बातमी आधीच लागली होती, एका हेल्परने जावयाला सगळं रंगवून कळवलं होतं.

“बाबा, खरं सांगा. तुमच्याकडून पत्र्याला भोकं पडली?”

मामांनी मामीकडे पाहिलं. आपण हे कुणासाठी केलं ते सांगितलं असतं, तर पोरीने ते जन्मभर उरावर बाळगलं असतं.

“हो गं. वय झालं आता.”

मागून जावई म्हणाला, “मनाला लावून घेऊ नका, मामा. होतं असं. हात थरथरतो या वयात.”

“हो ना. फार थरथरतो.”

“जपा हो बाबा,” लेक म्हणाली. “ठमे, ये, आजीला दात दाखव.”

ठमी पडद्यावर आली आणि तिने आ वासला. मामी मोतीबिंदूचे डोळे बारीक करून पुढे वाकली. तिला नात नीट दिसावी म्हणून मामांनी फोन हात लांब करून धरला. मामीचं पोटभर बघून होईपर्यंत तो हात जरासुद्धा हलला नाही.