वाहक

पिल्लूच्या पायांवर उगाचच निळे डाग उठायचे, नाकातून रक्त आलं की टॉवेल भिजायचा आणि कान तर सततच वाहायचे. शेजारीण डोळे बारीक करून विचारायची, "पोराला आपटता की काय गं?" कुणालाच थांग लागेना, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याचं आणि आईबापाचं रक्त जनुकं वाचायला पाठवलं.

आज अहवाल आला होता. बाईंनी पिल्लूच्या आईजवळ खुर्ची ओढली.

"त्याच्या एका जनुकात एकच अक्षर बदललंय. म्हणून रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी पडतात आणि जंतूंशी लढणाऱ्या कच्च्या राहतात. जुळणारा दाता मिळाला, तर अस्थिमज्जा बदलता येईल." मग हळूच म्हणाल्या, "हे आईकडून आलंय. तुम्ही वाहक आहात."

"वाहक? म्हणजे कंडक्टर?" नवरा हसू आणत म्हणाला. "बघ, घरबसल्या नोकरी लागली तुला."

तो वाकून पिल्लूच्या बुटाची नाडी बांधायला लागला. ती सुटलेली नव्हतीच.

"पण मला तर काहीच होत नाही."

"बायकांना सहसा होत नाही. मुलग्यांना होतं. बहीण आहे तुम्हाला?"

होती. धाकटी, दिवस भरत आलेली.

बाई सावरून बसल्या. "तीही वाहक असेल आणि मुलगा झाला, तर बाळ चिमटा लावून ओढून काढताना डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो. तिच्या डॉक्टरांना आधीच कळायला हवं."

आत पिल्लूला मांडीवर घेऊन बसलेली त्याची आजी बाहेर येताच लेकीवर कडाडली, "खबरदार तिला सांगशील तर! या दिवसांत जिवाला घोर लावतात का?"

"आई, मामा लहानपणीच कसा गेला?"

"पडला. नाक फुटलं."

"आणि रक्त?"

आईनं पदरानं पिल्लूचं नाक पुसलं. "थांबलंच नाही. सगळे तुझ्या आजीलाच बोलले, पोर सांभाळता आलं नाही म्हणून. मरेपर्यंत तेच ऐकलं तिनं."

पिल्लूच्या आईनं तिथेच, दवाखान्याच्या औषधांच्या वासाच्या त्या बोळात, धाकटीला फोन लावला.

"बोला मावशीबाई!" धाकटी खिदळली. हल्ली पोटातल्या बाळाच्या नात्यानं ती ताईला मावशीच म्हणायची. "काय म्हणतो माझा भाचा?"

तिनं सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, नवऱ्याचा तो फसलेला विनोदसुद्धा.

"म्हणजे मीही असेन?"

"असशील, नसशील. निम्मं-निम्मं."

"ताई, आत्ता लाथ मारली गं बाळानं." धाकटीचा आवाज चिरकला. "एरवी मी हसते. आता काय करू?"

आईनं पिल्लूला जावयाकडे दिलं आणि हात पुढे केला. "दे इकडे."

तिनं फोन कानाला लावला. मग खालच्या आवाजात म्हणाली, "रडू नकोस. कंडक्टर मी आहे. हिला तिकीट मीच दिलं." तिनं पिल्लूच्या पायावरच्या निळ्या डागावरून हात फिरवला. "तुला दिलं की नाही, ते मलाच ठाऊक नाही गं, बाळा."