सवतीचा टाक

पांपलमूसजवळच्या आमच्या साखरकोठीत शहाण्यांची कधी उणीव पडली नाही. त्यात सगळ्यांत मोठा शहाणा देवराज भगत. मुलखात तो लोकांचे बैल राखायचा. या बेटावर जहाजातून उतरला तो भगत होऊनच.

मी कुंती, इथली सुईण. शेजारची गंगा ही जयदेवची दुसरी बायको. पहिली वारली, म्हणून रिवाजाप्रमाणे त्या सवतीच्या नावाचा, तिची मूर्त ठोकलेला चांदीचा टाक गंगाच्या गळ्यात. अठराशे अठ्ठावन्न सालच्या ऊसतोडणीत नेमकी त्या टाकाखाली सुपारीएवढी गाठ आली. गंगा दोन माणसांचं जेवायची आणि तरी वाळत चालली होती. हात थरथरायचे, गारठ्यातही घाम फुटायचा. पाण्याचा घोट घेतला की गाठ वर सरकायची आणि टाकही तिच्याबरोबर उचलला जायचा.

देवराजला एवढं पुरलं. "सवत आदी गिळती," तो म्हणाला. "एकवीस दिस हिला उपाशी ठेवा. सवत आपसूक जाईल."

सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना हलवल्या. माझ्या माहेरी घाटात अशा गळ्याच्या बायका मी ढिगानं पाहिल्या होत्या. गाठ नरड्याला धरून असते, म्हणून गिळताना हलते. त्यात भूत कुठलं? मी गंगाला लोपितालात, कोठीच्या दवाखान्यात, नेलं. डॉक्टरनं गळा चाचपला, नाडी बघितली. म्हणाला, गाठीवर माझ्याकडे औषध नाही, पण नाडी भलतीच पळतेय, हिला भरपूर खायला द्या, कामाला लावू नका.

"गोऱ्या दोक्तेरला आमची सवत कशी दिसंल?" जयदेव म्हणाला, आणि उपास सुरू झाला.

मी पदराखालून पेज नेत होते. नवव्या दिवशी जयदेवनं मला दारात अडवलं. आतून गंगाचा घोगरा आवाज आला, "आक्का, भूक मला लागलीया गं. तिला न्हाई."

मी वाटी घेऊन परत आले. त्याची मला अजून लाज वाटते.

सोळाव्या दिवशी गंगा गेली. देवराज म्हणाला, पाच दिवस कमी पडले, नाहीतर वाचली असती. यावरही माना हलल्या.

वर्षाच्या आत जयदेवचं तिसरं लग्न ठरलं. नवरीला आता दोन टाक घालायचे, म्हणून त्यानं सोनाराला गंगाचा टाक करायला सांगितला. मी तिथंच उभी होते.

"गळा नीट काढ रं," तो सोनाराला म्हणाला. "गाठ नको."