धुनीची राख कडू का लागते?

"बघा, माय-माऊल्यांनो, डोळे भरून बघा! मागच्या पुनवेला ह्या मायला पदर खोचता येत नव्हता!"

महाराजांचा चेला लिंबाजी माइकवर ओरडला आणि झरी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये दाटीवाटीनं बसलेली माणसं एकदम गप्प झाली. स्टेजवर चूल पेटलेली होती. चुलीपुढं काठवट, ज्वारीचं पीठ आणि माझ्या शेजारच्या धुरपतामावशी. आमच्या भागात बाईचे हात बरे झाले की नाही, हे डॉक्टरला विचारत नाहीत. भाकरी थापता येते का, ते बघतात. भुजंगनाथ महाराजांनी हे बरोबर हेरलं होतं.

मावशींनी पीठ मळलं, गोळा केला आणि थापायला घेतला. भाकरी गरगर फिरत मोठी झाली, कडेला एक चीर नाही. दोन्ही हातांवर उचलून त्यांनी ती अलगद तव्यात टाकली. टाळ्यांनी पत्रे दणाणले. पुढच्या रांगेतली एक बाई तर रडायलाच लागली.

महाराज वाघ छापलेल्या ब्लँकेटवर बसले होते. खरा वाघ परवडत नसावा. त्यांनी माइक हातात घेतला.

"धुनीची राख! नुसती राख, दुसरं काय बी न्हाई. डॉक्टर हाड बघतो, मी हाडाच्या आतलं बघतो. पुडी कडू लागंल, लागू द्या. दुखणं जिभंवाटं निघायलंय म्हणायचं. चेहरा भरंल, ते तेज. भूक खवळंल, ती जठरातली ज्वाला. झोप उडंल, ती जागृती! पर खंड पाडायचा न्हाई. खंड पडला की दुखणं दुप्पट होऊन येतंय!"

एवढं एकच वाक्य तो माणूस खरं बोलला, हे मला पुढं कळलं. त्या दिवशी मी मागच्या खांबाला टेकून बसले होते आणि टाळ्या वाजवत नव्हते. त्यात बाणेदारपणा काही नव्हता. टाळी वाजवली की माझी बोटं ठणकायची.

मी राजेश्री, गावातलं पोस्ट सांभाळते. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी शिक्का उचलायला गेले तर मूठच वळेना. परभणीला तपासण्या झाल्या. डॉक्टर धम्मशीलांनी नाव सांगितलं: ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आमवात. शरीराची राखण करणारी यंत्रणाच चुकून स्वतःच्या सांध्यांवर उठते. मुख्य औषधाची गोळी आठवड्यातून एकदा घ्यायची आणि तिचा गुण यायला काही महिने लागतात. तोवर धीर धरा, म्हणाल्या.

दुखण्याला नाव मिळालं, पण ऐकणारं माणूस मिळेना. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. लेक माधवी पुण्याला. ती फोनवर म्हणायची, "आई, कशात तरी मन गुंतव ना." पोस्टात येणारे म्हणायचे, "बाई, दिसायला तर चांगल्या हायत की!" सूज ओसरली की दुखणं दिसत नाही, आणि जे दिसत नाही ते सारखं सांगायचं तरी किती? हळूहळू मी सांगायचंच सोडून दिलं. सकाळी ब्लाउजची बटणं लावताना रडायचे, मग तोंड धुऊन पोस्ट उघडायचे.

फक्त धुरपतामावशींना सांगावं लागत नव्हतं. त्यांच्या हातांना हेच दुखणं कित्येक वर्षांपासून, बोटं एका अंगाला कललेली. दवाखान्याच्या रांगेत कोण बसणार म्हणून त्यांनी बाम चोळण्यापलीकडं काही केलं नव्हतं. लेक-सून शेतावर राहायला. रोज सकाळी आम्ही दोघी भिंतीलगत उन्हात बसायचो, मधे गरम पाण्याचं पातेलं, त्यात चार हात. "आज अंगठा," मी म्हणायचे. "माजं मनगट," त्या म्हणायच्या. बस, एवढंच बोलणं. पण तेवढ्यावर माझा दिवस निघायचा.

महाराज आले आणि पातेल्यातले दोन हात कमी झाले.

मावशी आता पहाटेच उठून अंगण झाडायच्या, सडा टाकायच्या, दुसऱ्यांच्या घरी जाऊन पापड लाटायच्या. माझ्याकडं यायच्या त्या उभ्या उभ्या.

"अगं, पाण्यात हात घालून काय बसायलीस? पुडी घे एक. गुळात कालवून खा."

"मावशी, माझं औषध चालू आहे."

"चालू हाय, पर चालंना की! माज्याकडं बघ. रात्रभर डोळा लागंना, तरी दिवसभर पळायलेय. भूक तर अशी, चार भाकरी खाऊन बी पोट रिकामंच."

खरंच त्यांचा चेहरा गोल गरगरीत झाला होता, गाल लाल दिसायचे. गाव म्हणायचं, म्हातारीला बाळसं आलं. एक गोष्ट मात्र मला खटकत होती. पायाला विळा लागला होता, ती जखम काही केल्या भरत नव्हती. पाण्याचा तांब्याही सारखा तोंडाला.

जाताना त्यांनी खिडकीत एक पुडी ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे गुडघेही धरले. पलंगावरून खाली पाय टेकवेना. भिंतीपलीकडं मावशी गाणं म्हणत सडा टाकत होत्या. इतकं एकटं मला नवरा गेला तेव्हाही वाटलं नव्हतं. मी सरकत सरकत खिडकीपाशी गेले, पुडी सोडली आणि चिमूटभर राख जिभेवर ठेवली. खरं सांगते, मला पुरावा नको होता, आराम हवा होता.

राख कडू लागली, आणि तो कडूपणा ओळखीचा निघाला.

आजाराचं निदान झालं तेव्हा, मुख्य औषधाचा गुण येईपर्यंत म्हणून, डॉक्टरांनी मला काही आठवडे एक छोटी पांढरी गोळी दिली होती. स्टेरॉइडची. जिभेवर जरा रेंगाळली तर तोंड कितीतरी वेळ कडू राहायचं. त्या दिवसांत मलाही भूक खवळली होती, चेहरा भरला होता, रात्री झोप नव्हती आणि अंगात भलताच उत्साह होता. मग डॉक्टरांनी ती हळूहळू कमी करत बंद केली. ज्वाला, जागृती आणि तेज, महाराजांचे तिन्ही चमत्कार माझ्या अंगावरून आधीच जाऊन आले होते.

मी थुंकले, चूळ भरली आणि गुडघे जरा मोकळे झाल्यावर दुपारच्या एसटीनं परभणी गाठली.

डॉक्टर धम्मशीलांनी पुडी ठेवून घेतली. "तपासायला पाठवते, अहवालाला वेळ लागेल. पण मावशींची तुम्ही सांगता ती सगळी लक्षणं स्टेरॉइडचीच आहेत. राखेत गोळ्या कुटून घालत असणार. सूज झटकन उतरते, म्हणून चमत्कार वाटतो. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, जखम भरत नाही. आणि एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो. त्यांना लवकर घेऊन या."

मावशींना आणणं सोपं नव्हतं. सगळं ऐकून त्या माझ्याकडं बघतच राहिल्या.

"तुला माजं बरं झालेलं बघवंना, राजेश्री."

"मावशी, तसं नाही..."

"मग काय? तू एकटी पडलीस म्हणून मला परत पातेल्यापाशी बसवायलीस. मी न्हाई बसणार. येत्या गुरवारनंतर महाराज पालमला मुक्काम हलवायलेत. मला बी संगट न्यायलेत. तिथल्या बायांना भाकरी थापून दाखवायची हाय."

मी एकटी पडले होते, यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून ते बोलणं जास्त लागलं. पण पालमला गेल्या असत्या तर ती जखम आणि ती साखर घेऊन मावशी परत आल्याच नसत्या.

गुरुवारी मी खांबापाशी नाही, पहिल्या रांगेत बसले. चूल पेटली, भाकरी झाली, टाळ्या झाल्या. लिंबाजीनं पुड्यांची टोपली आणली, तशी मी उठले.

"महाराज, पुडीत काय असतं?"

"धुनीची राख, माय. सांगितलं न्हवं?"

"दुसरं काही नाही?"

"या अग्नीची शपथ, दुसरं काय बी न्हाई!" माइक चालूच होता. बाहेर उभ्या असलेल्या माणसांनीही ऐकलं.

"मग मला पुडी नको. इथलीच राख घेते." स्टेजच्या कडेला धुनी धुमसत होती. मी वाकून बाजूची गार राख चिमटीत घेतली, चुलीपुढं बसलेल्या मावशींच्या तळहातावर ठेवली. "मावशी, माझ्यावर राग आहे ना, असू द्या. पण तुम्ही खोटं बोलत नाही. चव बघा."

मावशींनी महाराजांकडं पाहिलं, मग राख जिभेला लावली.

"फिकी हाय."

"आणि पुडीतली?"

"ती कडू ऱ्हाती." बोलून गेल्यावर त्या स्वतःच थबकल्या.

"मंत्रानं कडू होती!" महाराज गरजले. "ही राख अजून मंतरायची हाय!"

"मग मंतरा की. आम्ही थांबतो."

आता माघार घेता येईना. महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले, फुंकर मारली. निम्मी राख उडून ब्लँकेटवरच्या वाघाच्या तोंडात गेली. मागं कोणीतरी फिसकन हसलं. मावशींनी उरलेली राख चाटली.

"न्हाई, महाराज," त्या हळूच म्हणाल्या. "फिकीच हाय."

मग बाया एकेक करून उठल्या. कोणी धुनीची राख चाखली, कोणी आपली पुडी उघडून त्यातली. "हे फिकं, हे कडू," असा एकच गलका झाला. त्या गडबडीत लिंबाजी मागच्या खोलीकडं सटकला. त्याच्या पाठोपाठ चार बाया गेल्या. खोलीत पांढरा पडलेला खलबत्ता सापडला आणि खताच्या पोत्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं. पोतं स्टेजवर उपडं केलं तेव्हा महाराज वाघ सोडून उभे राहिले. गावकऱ्यांनी दार अडवलं, पोलीस पाटलांनी फोन लावला. पुढं अहवालातही तेच आलं.

पण त्या दिवशी मला अडवलं ते एका साध्या प्रश्नानं. पुढच्या रांगेत रडलेली ती बाई तावातावानं म्हणाली, "मग औषधच हाय की! आराम पडायलाय ना आमाला? तुमचं काय जायलंय?"

प्रश्न खोटा नव्हता.

"औषध आहे म्हणूनच भीती आहे, ताई," मी म्हणाले. "डॉक्टर हीच गोळी देतात तेव्हा मोजून देतात, रक्त तपासतात, हळूहळू कमी करतात. यानं पुडीत किती घातली ते यालाच माहीत नाही. दुखणं गप्प बसलंय, पण सांधे आतून झिजतच असतील. आणि हे ऐकून उद्यापासून पुडी एकदम बंद करू नका, त्यातही जीवाला धोका आहे. ती घेऊन उद्याच्या उद्या दवाखान्यात चला. मी येते सोबत."

दुसऱ्या दिवशी एसटी भरून बाया परभणीला गेल्या. मावशींची साखर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी स्टेरॉइड एकदम न थांबवता कमी करत आणलं, मुख्य औषध सुरू केलं. आणि जसजसा डोस उतरला, तसतसं मावशींचं दुखणं परत आलं. भाकरी बंद झाली. माझ्याशी बोलणं त्यांनी आधीच बंद केलं होतं.

मधल्या काळात माझ्या औषधाला गुण आला. एके सकाळी माझी मूठ पूर्ण वळली. मी ती कितीतरी वेळ उघडत मिटत बसले. सांगायला कोणी नव्हतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून कण्हणं ऐकू आलं. मी पाणी तापवलं आणि अर्धं भरलेलं पातेलं उचलून मावशींच्या घरी गेले. त्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या.

"कुठं दुखतंय, मावशी?"

त्यांनी कूस बदलून माझ्याकडं पाहिलं.

"त्यो महाराज बी असंच इचारायचा," मग म्हणाल्या. "हात हातात घिऊन. लेकानं इचारलं न्हाई, सुनंनं न्हाई. तुजी डॉक्टरीन चांगली हाय, पर तिच्या दारात रांग. त्यो चोर व्हता, पर इचारायचा."

मी पातेलं त्यांच्यापुढं सरकवलं. त्यांनी उठून हात पाण्यात घातले. मीही माझे घातले.

म्हणून तुम्हाला सांगते. कोणी पुडी दिली तर आत काय आहे ते विचारा. गुण आला तर तो कशानं आला, तेही विचारा. चेहऱ्यावर तेज चढलं तर आधी रक्त तपासून घ्या. आणि शेजारच्या बाईचे हात दुखत असतील तर महाराजांच्या आधी तुम्ही जाऊन विचारा, कुठं दुखतंय. विचारलंत तर मग पुरतं ऐका. मावशींनी डाव्या करंगळीपासून सुरुवात केली. त्या दिवशी पोस्ट उशिरा उघडलं.